५ मिनिटं ४९ सेकंद

लालबागची आमची चाळ शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करायला मी आणि आई दोन रविवार जात होतो. दुसऱ्या रविवारी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आजोबांच्या गिरणीतल्या पगारपावत्यांच्या खाली, एक शंभरपानी वही सापडली. कव्हरवर स्केचपेनने ‘मारिओ (खाजगी)’. मारिओ म्हणजे लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो तो व्हिडिओ गेम. अक्षर प्रमोददादाचं. प्रमोददादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अकरावीला कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याकडे राहायला आला आणि अभ्यास सोडून बाकी सगळ्याच्या नोंदी ठेवू लागला.

वहीत चार रकाने आखलेले. तारीख, नाव, वेळ, आणि ‘कसा मेला’. शेवटचा रकाना वाचून मी माळ्यावरच फतकल मारून बसलो. ‘खड्ड्यात’, ‘कासव’, ‘खड्ड्यात’, ‘आईने हाक मारली’, ‘फ्यूज उडाला’, ‘खड्ड्यात (मुद्दाम, रडून)’. हा शेवटचा मी.

आणि मधल्या पानावर लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेली ओळ: १७/११/९६, सच्या, ५ मि. ४९ से., राणी सोडवली. सच्या म्हणजे चाळीतलाच पोरगा.

आई खालून ओरडत होती की टेम्पोवाला थांबलाय. मी मात्र त्या आकड्याकडे बघत बसलो, कारण हा आकडा शक्यच नाही.

का शक्य नाही ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. मी व्हिडिओ एडिटर आहे. गोरेगावला एका स्टुडिओत मराठी मालिका कापतो. सेकंदाला २५ फ्रेम, बावीस मिनिटांचा एपिसोड म्हणजे ३३,००० फ्रेम, त्यातल्या निम्म्या सासूच्या चेहऱ्यावर. रात्री एपिसोड रेंडरला लावला की दीड तास काही काम नसतं. त्या दीड तासांत गेली सहा-सात वर्षं मी टॅस बघतो.

स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं, आणि टॅस म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन. जुना गेम एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवायचा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत, प्रत्येक फ्रेमला कुठलं बटण दाबलेलं असेल ते ठरवत जायचं. चुकलं की सेव्हस्टेट, म्हणजे मध्येच जतन करून ठेवलेला क्षण, लोड करून मागे. शेवटी हातात राहते ती फक्त बटणांची यादी. ती यादी कन्सोलला पहिल्यापासून वाचून दाखवली की गेम असा खेळला जातो जसा माणसाच्या हातून कधी खेळला जाणार नाही. यात फसवणूक कुठे आहे असं मला विचारू नका. फसवणूक तेव्हा होते जेव्हा सांगत नाहीत. २००३ मध्ये मोरिमोटो नावाच्या जपानी माणसाचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा अकरा मिनिटांचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला तेव्हा बऱ्याच जणांना तो खरा माणूस वाटला होता आणि नंतर लोक चिडले. त्याच वर्षाच्या शेवटी बिस्क्विट या टोपणनावाच्या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने अशा रन जमवायला साइट काढली. तीच पुढे टॅसव्हिडिओज झाली.

तर पहिल्या मारिओची गोष्ट. १९८५ चा गेम. वॉर्प, म्हणजे मधल्या स्टेज गाळून पुढे नेणारे चोररस्ते, वापरून आठ स्टेज खेळायच्या (पहिला आकडा वर्ल्डचा, दुसरा त्यातल्या स्टेजचा): १-१, १-२, ४-१, ४-२ आणि मग ८-१ ते ८-४. टॅसव्हिडिओजवर हॅपीली या चिनी खेळाडूच्या रनची वेळ दिसते ४:५७.३१. तेच माणसांचं बघा. निफ्टस्की नावाच्या मुलाने २०२१ मध्ये पहिल्यांदा ४:५५ च्या आत गेम संपवला आणि २०२३ मध्ये ४:५४.६३१ केलं. म्हणजे काय, माणूस मशीनच्या पुढे गेला?

नाही गेला. घड्याळं वेगळी आहेत. टॅसमध्ये घड्याळ सुरू होतं कन्सोलचं बटण चालू केल्यावर, आणि थांबतं शेवटचं बटण दाबलं त्या फ्रेमला. माणसाच्या शर्यतीत ते सुरू होतं १-१ ची स्टेज पडद्यावर आल्यावर आणि थांबतं मारिओने ८-४ मधल्या कुऱ्हाडीला हात लावल्यावर. टायटलचा पडदा, ती काळी पाटी, सगळं टॅसच्या अंगावर पडतं. हॅपीलीची तीच रन माणसाच्या घड्याळाने मोजली तर साधारण ४:५४ भरते.

बटण चालू केल्यापासून मोजायचं हे समजण्यासारखं आहे, कारण ती एकच जागा अशी की जिच्याबद्दल कुणी वाद घालू शकत नाही. गंमत दुसऱ्या टोकाला आहे. शेवटचं बटण म्हणजे गेमचा शेवट नव्हे. तुम्ही हात सोडलात आणि मारिओ आपल्या वेगाने घसरत कुऱ्हाडीपर्यंत गेला तर तो घसरण्याचा वेळ मोजलाच जात नाही. मग टॅसवाले काय करतात? काही गेममध्ये शेवटी गेम मुद्दाम थोडा उशिरा संपू देतात, पण बटणं लवकर सोडतात. घड्याळाचा नियम बदलला की खेळायची पद्धत बदलते. ज्याने कुणी चाळीत डबा ऐसपैस खेळताना ‘कुठपर्यंत आकडे मोजायचे’ यावरून मारामारी केली आहे त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही.

आता सच्याकडे येऊ. माणसांच्या घड्याळाने धरलं तरी उत्तम ते ४:५४. सच्याचे ५:४९. पंचावन्न सेकंद जास्तच आहेत की. मग अशक्य काय?

अशक्य हे, की आमचा मारिओ हळू होता.

आमचा व्हिडिओ गेम बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, बोनसच्या पैशांतून. अस्सल निन्टेन्डो, म्हणजे मारिओचं मूळ जपानी मशीन, भारतात कुणाकडे होता? आमच्याकडे होती त्याची नक्कल, तैवानी किंवा चिनी, पिवळ्या कॅसेटची, ‘९९९९९ इन १’ वाली, ज्यात खरे गेम पाच-सहाच आणि बाकी तेच तेच नाव बदलून. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचे, आपले पन्नास. मूळ मशीनचा नेमका आकडा ६०.०९८८, आणि आपल्याकडे आलेल्या त्या जातीच्या नकलेचा ५०.००७. गेममध्ये घड्याळ म्हणून दुसरं काही नाही, सगळं फ्रेमवर चालतं. मारिओचं एक पाऊल, कासवाचं एक पाऊल, गाण्याची एक मात्रा, सगळं ‘इतक्या फ्रेमनी’. निन्टेन्डोने युरोपसाठी काढलेल्या आवृत्तीत हे वेग दुरुस्त केले होते. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये कोण दुरुस्त करतंय? तिच्यात साठचा गेम होता आणि तो पन्नासने चालत होता. म्हणजे जवळपास सतरा टक्के संथ.

गाणंसुद्धा. त्या नकलेच्या प्रोसेसरचा वेग मूळ वेगाच्या जवळच ठेवलेला होता, म्हणून सूर जवळजवळ बरोबर लागायचे, फक्त लय खाली यायची. आम्ही लहानपणी मारिओ विलंबितात ऐकला. इंटरनेटवर पहिल्यांदा खऱ्या वेगाचा मारिओ बघितला तेव्हा मला वाटलं कुणीतरी व्हिडिओ फास्ट केलाय. पाच मिनिटं मी सेटिंगमध्ये शोधत होतो.

आता गणित करा. ४:५४ म्हणजे सुमारे १७,६७० फ्रेम. त्या ५०.००७ ने भागल्या की साधारण ३५३ सेकंद. ५ मिनिटं ५३. म्हणजे आमच्या लालबागच्या खोलीत, आमच्या मशीनवर, हॅपीलीची अख्खी यादी जशीच्या तशी वाजवली असती तरी ५:५३ च्या खाली कुणी जाऊ शकत नव्हतं. आणि तेरा वर्षांचा सच्या, एका हाताला पोळीचा रोल, ५:४९.

पहिला संशय मशीनवरच घ्यायला हवा होता, आणि घेतला. आमचं मशीन पन्नासचंच होतं कशावरून? मशीन तर २००१ सालीच भंगारात गेलं. मी मनात केस बंद करणार होतो, तेवढ्यात वहीच्या शेवटच्या पानावर दादाचं हे सापडलं: ‘प्रयोग. मारिओला उभा ठेवला. ४०० ते ० = ३ मि. १२ से. टीव्हीचा सेकंद लहान असतो!!’

दोन उद्गारचिन्हं. या माणसाने नंतर कॉमर्स घेतलं याचं मला आज वाईट वाटतं.

गेममध्ये वर कोपऱ्यात टाइम ४०० दिसतो ना, तो सेकंद नाहीच. दर २४ फ्रेमला एक आकडा कमी होतो. चारशे गुणिले चोवीस म्हणजे ९,६०० फ्रेम. खऱ्या मशीनवर त्याला १६० सेकंद लागतात, दोन मिनिटं चाळीस. पन्नासच्या मशीनवर १९२. तीन मिनिटं बारा. दादाने कॅसिओच्या मनगटी घड्याळावर, १९९६ साली, आमच्या मशीनची फ्रेम रेट मोजून ठेवली होती आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

तर मशीन पन्नासचं होतं, सिद्ध झालं. आता सच्या.

मग मला खाज सुटली. रेंडरच्या वेळात मी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर एफसीईयूएक्स हा एम्युलेटर टाकला. त्यात मशीनची जात निवडता येते, एक ‘डेंडी’ नावाची असते. डेंडी म्हणजे रशियात विकली गेलेली अशीच नक्कल, आमच्या पिवळ्या कॅसेटवालीची सख्खी मावसबहीण. ठरवलं की आपण स्वतःच टॅस करून बघू, आमच्याच वेगावर. हॅपीलीची फाइल वाजवणं वेगळं आणि स्वतः करणं वेगळं.

फाइल उघडून बघितली तर साधा मजकूर. एका फ्रेमला एक ओळ, ओळीत आठ जागा: उजवं, डावं, खाली, वर, स्टार्ट, सिलेक्ट, बी, ए. बटण दाबलेलं असेल तर त्याचं अक्षर, नाहीतर टिंब. हॅपीलीच्या रनमध्ये अशा १७,८६८ ओळी आहेत. माझ्या धंद्यात याला ईडीएल म्हणतील, कटची यादी. फरक एवढाच की माझ्या यादीत एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर सासूचा अश्रू जरा उशिरा पडतो. इथे एक फ्रेम चुकली तर मारिओ खड्ड्यात जातो आणि पुढच्या हजारो ओळी रिकाम्या हवेत बटणं दाबत बसतात.

पहिल्या आठवड्यात फक्त १-१. पाइपच्या कडेवरून उडी किती फ्रेम आधी घ्यावी, पायऱ्यांवर वेग कुठे तुटतो. बायको एकदा डबा द्यायला आली आणि बराच वेळ मागे उभी राहून म्हणाली, “अहो, हा पुढे जातोय की अडकलाय?” शेवटी मी माझ्या आधीच्या प्रयत्नातून नऊ फ्रेम काढल्या. नऊ! स्वतःवर खूश होऊन पुढे चालवलं, १-२ सुरू झालं, फ्रेमचा आकडा बघितला. आधी होता तोच. एकही फ्रेम वाचली नव्हती.

हाच तो फ्रेम रूल. गेमच्या आत एक मोजणी चालू असते, २० पासून खाली शून्यापर्यंत आणि पुन्हा २०, म्हणजे २१ फ्रेमची एक फेरी. मशीन चालू केल्यापासून ती चालू असते, तुम्ही काय करताय याच्याशी तिला देणंघेणं नाही. स्टेज संपल्यावर पुढची स्टेज लोड करायची परवानगी फेरी पूर्ण झाल्यावरच मिळते. इंग्रजीत हे समजावताना सगळे बसचं उदाहरण देतात. मुंबईकराला ते पचणार नाही. दर ठरावीक वेळाने सुटणारी बस आपण बघितली आहे का? आपल्याला लोकल बरी. समजा दादरहून ९:०४ ची फास्ट आहे. तुम्ही जिन्यावरून धावत, दोन काकांना ढकलत ९:०१ ला फलाटावर आलात काय किंवा चहा पिऊन ९:०३ ला आलात काय, चर्चगेटला एकाच वेळी उतरणार. मी नऊ फ्रेम जिन्यावर वाचवल्या आणि फलाटावर उभा राहून घालवल्या. आधीची गाडी पकडायची तर पुऱ्या एकवीस वाचायला हव्यात, नाहीतर आधीच्या गाडीच्या अगदी तोंडाशी पोचलेलं असायला हवं.

मूळ मशीनवर एक फेरी म्हणजे ०.३५ सेकंद, आमच्याकडे ०.४२. ८-४ तेवढं सुटं आहे, कारण तिथे पुढची स्टेजच नाही, कुऱ्हाडीला हात लागला की संपलं. म्हणून शेवटच्या त्या एका स्टेजमध्ये माणसं एकेका फ्रेमसाठी जीव टाकतात आणि आधीच्या सात स्टेजमध्ये गाड्या पकडतात.

गाड्या पकडायलाच ग्लिच, म्हणजे गेममध्ये राहून गेलेल्या चुका, लागतात. सगळ्यात सुंदर झेंड्याचा. एरवी मारिओ काठी पकडतो, घसरत खाली येतो, मग चालत किल्ल्यात जातो. पण काठीच्या बुडाशी जो दगड आहे त्याच्या कडेत नेमक्या जागी, नेमक्या वेगाने मारिओ रुतवला तर झेंडा खाली यायची वाटच बघावी लागत नाही. दुसरा ४-२ मधला. आम्ही तिथे वेलीवर चढून वॉर्पला जायचो. पण पाइप कुठे नेणार हे गेम पाइपवरून ठरवत नाही, पडदा किती सरकलाय यावरून ठरवतो. मारिओ पडद्यावर नेहमीपेक्षा थोडा पुढे सरकवून ठेवला तर जो पाइप नाण्यांच्या खोलीत जातो तोच पाइप थेट वॉर्पला नेतो. आणि आतषबाजी! शेवटी टायमरचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर किल्ल्यावर तेवढे फटाके उडतात. आम्ही ते यावेत म्हणून काठीजवळ उड्या मारत बसायचो. स्पीडरनवाले त्यांना शिव्या घालतात, कारण फटाके संपेपर्यंत गाडी सुटते.

सच्याला यातलं काही येत होतं का? मला आठवतो तो फक्त एकच ग्लिच, आणि तो वेळ वाचवणारा नव्हे. १-२ च्या शेवटी भिंतीतून घुसून वॉर्पच्या खोलीत जायचं, पाट्या पडद्यावर यायच्या आधी. डाव्या पाइपात गेलं की ‘वर्ल्ड -१’. पाण्याची स्टेज, जी संपतच नाही, शेवटच्या पाइपातून पुन्हा पहिल्या जागी. चाळीत पसरलं होतं की तिथे मारिओचं भूत आहे. कारण आता कळलं आणि ते भुताहून मजेदार आहे. पाट्या लोड व्हायच्या आधी गेमच्या डोक्यात ४-२ च्या दुसऱ्या, वेलीच्या नव्हे, वॉर्पची पाटी असते. त्या वॉर्पला पाइप एकच, मधला, त्यावर ५. डावी-उजवी जागा कोरी. पण कोरी जागा हेसुद्धा गेमला एक चित्रच असतं, ३६ क्रमांकाचं. कोऱ्या पाइपात शिरलात की गेम इमानदारीत तुम्हाला छत्तिसाव्या वर्ल्डला पाठवतो, आणि वर लिहिताना ३६ व्या क्रमांकाचं चित्र काढतो. म्हणजे कोरी जागा, मग आडवी रेघ, मग १. मधल्या पाइपात गेलात तर गुपचूप ५-१ ला जाता. सच्याने मधला पाइप कधी वापरून बघितला नाही, नाहीतर त्याने त्याचंही भूत केलं असतं.

आणखी एक होतं, पण त्यावर दादाने बंदी घातली होती. आमच्या दोन नंबरच्या रिमोटचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या पॅडचं, अधिकचं चिन्ह तुटून पडलं होतं आणि खालचे रबराचे चार ठिपके उघडे होते. त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबता यायचं. अस्सल रिमोटवर ते होत नाही, ते अधिकचं चिन्ह मधल्या खुंटीवर डोलतं, एक बाजू दाबली की दुसरी उचलली जाते. दोन्ही दाबली की मारिओ काहीतरी विचित्रच घसरायचा. वहीत नियम लिहिलाय: ‘तुटक्या रिमोटवरचं मोजायचं नाही. फाऊल.’ टॅसव्हिडिओजवर डावं-उजवं चालतं, कारण कन्सोलला आठ बटणांच्या आठ स्वतंत्र स्थिती कळतात, रिमोटच्या प्लॅस्टिकशी त्याला मतलब नाही. माणसांच्या शर्यतीत चालत नाही. म्हणजे दादा माणसांच्या बाजूचा निघाला. झेल्डा नावाच्या गेमच्या दुसऱ्या भागात तर डावं-उजवं दाबून त्याचा हिरो लिंक असा सुसाट सुटतो की पडद्याला त्याच्यामागे धावावं लागतं.

प्लॅस्टिकशी मतलब नाही ही गोष्ट किती ताणता येते याचं टोक म्हणजे मारिओ ३. त्या मशीनमध्ये रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा जो भाग आहे तो कधीकधी रिमोट वाचण्याच्या मध्ये येतो आणि एखादं बटण चुकीचं वाचलं जातं. म्हणून मारिओ ३ लिहिणाऱ्यांनी शहाणपणा केला. रिमोट दोनदा वाचायचा, दोन्ही वेळा सारखं आलं तरच खरं मानायचं, नाहीतर पुन्हा वाचायचं. टॅसवाल्यांनी काय केलं, प्रत्येक वाचनाला वेगळी बटणं दिली. सेकंदाला हजारो वेळा. गेम बिचारा वाचतच बसला, मध्येच पुढच्या फ्रेमची वेळ झाली, त्याचं डोकं फिरलं, आणि ते फिरलेलं डोकं नेमकं शेवटच्या पडद्यावर नेऊन सोडलं. मशीन चालू केल्यापासून एका सेकंदाच्या आत गेम संपतो. मला ते बघताना आनंद होत नाही, खरं सांगतो. मारिओ दिसतच नाही त्यात. पण घड्याळाचा नियम पाळलेला आहे, तक्रार करायला जागा नाही.

त्यापेक्षा मला जानेवारी २०१४ चं जास्त आवडतं. अमेरिकेतल्या ऑसम गेम्स डन क्विक या कार्यक्रमात खऱ्या सुपर निन्टेन्डोला, म्हणजे निन्टेन्डोच्या पुढच्या मशीनला, टॅसबॉट नावाचा यंत्ररोबो जोडला आणि सुपर मारिओ वर्ल्डच्या आत, फक्त बटणं दाबून, पाँग आणि स्नेक असे दोन गेम लिहून दाखवले. खऱ्या मशीनवर, लोकांसमोर. हे वाटतं तितकं सोपं नसतं. सुपर निन्टेन्डोच्या आवाजाच्या चिपचं घड्याळ वेगळं, साध्या सिरॅमिकच्या तुकड्यावर चालणारं, आणि दोन मशीनमध्ये ते तंतोतंत एक नसतं. एम्युलेटरवर बरोबर चाललेली यादी खऱ्या मशीनवर मध्येच घसरू शकते.

असो. महिनाभर रात्री घालवून माझी रन ६:०१ ला अडकली. ४-२ चा पाइप जमला, झेंड्याचा ग्लिच दोनच ठिकाणी जमला. फ्रेम-फ्रेमने, सेव्हस्टेट लावून, चाळिशीतल्या एडिटरचे ६:०१. आणि सच्या ५:४९. मी शेवटी दादाला फोन केला. दादा आता डोंबिवलीला असतो, सहकारी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आहे.

“दादा, सच्याचे पाच एकोणपन्नास आठवतात?”

“सतरा नोव्हेंबर,” दादा म्हणाला. मागे टीव्ही चालू होता. “भाऊबीज होऊन आठवडाही नव्हता झाला.”

“घड्याळ कधी सुरू करायचास?”

“एक-एक दिसलं की.”

“आणि बंद?”

“कुऱ्हाड. राणी काय बोलते ते कशाला ऐकायचं.”

म्हणजे नियम अगदी माणसांच्या शर्यतीचाच. मी गप्प झालो. मग दादाच म्हणाला, “आणि किल्ल्यात गेल्यावर ते आकडे गळतात ना, तेव्हा पॉज.”

“काय?”

“अरे मारिओ किल्ल्यात गेला की उरलेला टाइम टिर्रर्र करून मार्कांत जातो. तेव्हा कुणाच्या हातात काही नसतं. त्या वेळेचे सेकंद पोराच्या नावावर कसे लावणार? जो जास्त वेगात आला त्याचा टाइम जास्त उरतो, म्हणजे त्याचंच टिर्रर्र जास्त वेळ चालणार. हुशार पोराला शिक्षा कशाला? म्हणून आवाज सुरू झाला की घड्याळ थांबवायचं, आवाज थांबला की सुरू.”

फोन ठेवून मी एम्युलेटर उघडला. उरलेला टाइम दर फ्रेमला एक असा गळतो. १-१ मध्ये वेगात गेलं तर सव्वातीनशेच्या आसपास उरतो, म्हणजे आमच्या मशीनवर साडेसहा सेकंद नुसतं टिर्रर्र. झेंड्याच्या स्टेज पाच, १-१, ४-१, ८-१, ८-२, ८-३. सगळं मिळून पंचवीस-सत्तावीस सेकंद. आज नव्या गेमच्या शर्यतींत लोडिंगचा वेळ वजा करून मोजतात, कारण कुणाचं मशीन चांगलं आणि कुणाचं वाईट याचा खेळाडूशी संबंध नाही. दादाने तो नियम लालबागमध्ये, कॅसिओवर, पाच वेळा बटण दाबून पाच वेळा सोडून राबवला होता. त्याच्या अंगठ्याचा उशीर धरला तर एकदोन सेकंद इकडेतिकडे.

म्हणजे सच्याचे खरे ६:१४ च्या जवळपास. साठच्या मशीनवर साधारण ५:११. वेलीवर चढून, एकही ग्लिच न वापरता, तेरा वर्षांच्या मुलाचे. मी सेव्हस्टेट लावून, चाळिशीत, त्याच्यापेक्षा फक्त तेरा सेकंद पुढे. आणि दादाच्या नियमाने हॅपीलीची रन मोजली तर ५:२६-२७ होते.

वहीत सच्याच्या ओळीखाली जागा होती. तिथे मी पेन्सिलने लिहिलं: ‘हॅपीली, ५:२६ (अंदाजे), नियम दादाचा, राणी सोडवली.’ त्या पानाचा फोटो काढून चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सच्या सध्या मस्कतला असतो. रात्री साडेबारा वाजता त्याचा रिप्लाय आला.

“माझे ५:४७ होते. दादाने ८-३ ला पॉज उशिरा केला. तेव्हाच सांगितलं होतं.”